नंदिनीच्या खाणीतला धडा



गेल्या एप्रिलमध्ये आपल्या शाळेच्या मागच्या माळावर वृक्षारोपणाची आखणी झाली, ती तुम्हाला आठवत असेल. नववीच्या कॅडेट्सनी दोरी धरली आणि मी चुन्याने खुणा केल्या. साडेचार एकर जागा, तीन-तीन मीटरचे अंतर, दोन हजार रोपे आणि परेडसारख्या सरळ ओळी. त्या दिवशी एक टिटवी आमच्या डोक्यावर सतत ओरडत घिरट्या घालत होती. आवाजाने सूचना ऐकू येईनात, म्हणून मीच दोघा कॅडेट्सना तिला हाकलायला सांगितले होते.

ती योजना माझी होती आणि कागदावर सहीही माझीच आहे. जूनमध्ये खड्डे घ्यायचे आणि जुलैत रोपे लावायची असे ठरले आहे. या लेखात मी त्याच योजनेत बदल सुचवणार आहे. तो का, हे सांगण्यासाठी तुम्हाला आधी छत्तीसगडमधल्या नंदिनी नगरला न्यावे लागेल. माझे बालपण तिथे गेले. यंदा मे महिन्याच्या सुटीत मी तिथे गेलो होतो, आणि जीवशास्त्राच्या वर्गात मी इतकी वर्षे शिकवत आलो तो 'अधिवास' हा शब्द मला तिथे नव्याने शिकावा लागला.

चुनखडी, पोलाद आणि बाबांचा पंप

भिलाईपासून वीसेक किलोमीटरवर नंदिनी नगर आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला. त्यासाठीचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीला लोहखनिज दल्ली-राजहराहून येई आणि चुनखडी नंदिनीहून.

पोलादाला चुनखडी कशाला लागते, हे दहावीच्या कॅडेट्सना माहीत असेल. लोहखनिजात वाळू, म्हणजे सिलिका, मिसळलेली असते. भट्टीच्या उष्णतेने चुनखडीचा चुना होतो. तो सिलिकेशी संयोग पावतो आणि त्यांची पातळ धातुमळी तयार होते. ती लोखंडापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगते आणि वेगळी काढता येते. चुनखडी नसेल तर शुद्ध लोखंड हाती येणार नाही. देशाचे रूळ ज्या पोलादाचे झाले, त्यात नंदिनीच्या जमिनीचा वाटा आहे.

कारखान्याच्या त्या दिवसांत विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे भिलाई-दुर्गकडे आली. नागपूर जवळ, आणि छत्तीसगडावर एके काळी नागपूरकर भोसल्यांचेच राज्य होते, त्यामुळे हा मुलूख आम्हाला परका वाटला नाही. माझे वडील खाणीत पंपावर होते. खाण खोल जाऊ लागली की भूजल झिरपते आणि पावसाळ्यात वरचे पाणीही खाली उतरते. तळाशी एक खड्डा करून ते सगळे पाणी त्यात गोळा करायचे आणि पंपाने बाहेर फेकायचे. पंप थांबला तर काम थांबते. बाबांनी तीस वर्षे खाणीतले पाणी बाहेर काढले. आता ते निवृत्त आहेत आणि नंदिनी नगरातच माझ्या ताईकडे राहतात.

मी पोहोचलो त्याच रात्री भावजींना म्हणालो, "दोन दिवस कुठे तरी जंगलात जाऊ. कान्हा तरी करून येऊ, वाघ दिसेल."

बाबा जेवत होते. ते म्हणाले, "काहून रे, वाघच पाहिजे का? सकाळी पाच वाजता उठ. मी तुले खदान दाखवतो."

एका खाणीत पाच घरे

नंदिनीच्या खाणीचा बराच भाग आता बंद आहे. २०२१ साली छत्तीसगड शासनाने अशा बंद भागातल्या ८८५ एकरांवर जंगल उभे करण्याचे काम हाती घेतले आणि ऐंशी हजारांच्या आसपास रोपे लावायचे ठरवले. त्यात पक्ष्यांसाठी वड आणि पिंपळ मुद्दाम निवडले गेले. वर्तमानपत्रांत त्याचा देशातले सर्वांत मोठे मानवनिर्मित जंगल म्हणून गाजावाजा झाला होता, म्हणून मी झाडे पाहण्याच्या तयारीने गेलो. बाबांनी मात्र मला आधी पाण्याकाठी नेले.

पंप थांबल्यावर खाणीचे खड्डे आपोआप भरले होते. पाणी हिरवट-निळे होते. कोळशाच्या खाणीत साचलेले पाणी पुष्कळदा आम्लधर्मी होते आणि त्यात जीव धरत नाही. चुनखडी मात्र आम्ल शोषून घेते, त्यामुळे अशा पाण्यात मासे, शेवाळ आणि किडे लवकर वाढतात. जिथे अन्न असते, तिथे पक्षी येतात.

पुढचे तीन तास आम्ही काठाकाठाने फिरलो. वहीत नुसती नावे न लिहिता कोणता पक्षी कोणत्या जागी दिसला, हे मी लिहीत गेलो. घरी येऊन वही उघडली तेव्हा एकाच खाणीत पाच वेगवेगळी घरे निघाली.

पहिले घर खोल पाण्याचे. तिथे टिबुकली आणि पाणकावळे होते. हे बुडी मारून शिकार करणारे पक्षी आहेत, त्यांना खोली लागते.

दुसरे घर उथळ काठाचे, जिथे जुन्या डंपर-रस्त्याचा उतार पाण्यात शिरतो. घोट्याएवढे पाणी आणि चिखल. तिथे शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर चालत होता, गवतात अडई बदकांचा थवा बसला होता आणि दोन मुग्धबलाक गोगलगायी शोधत होते. मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मधे फट राहते. निसरड्या शंखातली गोगलगाय पकडून बाहेर काढायला ती चोच कामाची असते. खोल पाण्यात याच पक्ष्याची उपासमार होईल.

तिसरे घर कड्याचे. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खणतात, त्या पायऱ्यांचे उभे दगडी कडे तसेच राहिले आहेत. एका कपारीखाली पांढरी विष्ठा आणि उंदरांची हाडे पडलेली होती. बाबा म्हणाले, इथे मोठे घुबड राहते. शृंगी घुबडाला अशाच कड्यावरची कपार आवडते. पुढे मातीच्या उभ्या दरडीत वेड्या राघूंची बिळे दिसली.

चौथे घर झाडांचे. मातीच्या जुन्या ढिगांवर आधीच उगवलेली झुडपे आणि नवी लावलेली झाडे. तिथे बुलबुल, कोतवाल आणि सुभग होते. वटवाघळे आणि हरियल पिंपळ-वडांना फळे लागल्यावर येतील.

पाचवे घर उघड्या मुरमाचे. पाहायला तिथे काहीच नव्हते. खडे, वाळलेले गवत, एखादे बोरीचे झुडूप. मी ती जागा ओलांडून पुढे निघालो होतो, तेवढ्यात टिटवी ओरडू लागली.

टिटवीची अंडी

पायाखाली पाहिले तर चार अंडी होती. घरटे असे नव्हतेच. मुरमात केलेला उथळ खळगा, भोवती बारीक खडे आणि खड्यांच्याच रंगाची ठिपक्यांची अंडी. तुमच्या क्षेत्रकौशल्याच्या तासाला छद्मावरण शिकवतात ना, त्याचा यापेक्षा चांगला नमुना मी पाहिलेला नाही. एक पाऊल चुकले असते तर ती फुटली असती.

मला फार आनंद झाला. वर्गात दाखवायला फोटो हवेत, म्हणून मी गुडघ्यावर बसलो. जवळून, दुरून, माझी सावली पडते म्हणून जागा बदलून, असे फोटो काढत राहिलो. टिटवी पाच-सात मीटरवर उतरे, पंख तुटल्यासारखी लंगडे, पुन्हा उडे आणि ओरडे. शत्रूला अंड्यांपासून दूर न्यायची तिची ही युक्ती मला पुस्तकातून ठाऊक होती. मी तिचेही फोटो काढले.

बाबा एका दगडावर बसून हे सगळे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "वीस मिनिटं झाली. उठ आता. तिची अंडी भाजून राहिली."

मे महिन्यातले नऊ वाजले होते आणि मुरूम हाताला चटके देत होता. थंड प्रदेशात पक्षी अंडी उबवतात ती ऊब देण्यासाठी. इथे मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती बहुतेक वेळ सावली देण्यासाठी. ती सावली मी वीस मिनिटे अडवून धरली होती. मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे, आणि हे मला पंपावर काम केलेल्या माणसाकडून ऐकावे लागले.

आम्ही दूर जाऊन बोरीच्या झुडपाआड बसलो. टिटवी लगेच अंड्यांकडे गेली नाही. आधी ती उडून तळ्याच्या उथळ काठावर उतरली, पाण्यात उभी राहिली आणि पोट बुडवून पिसे भिजवली. मग चालत, थांबत, इकडेतिकडे पाहत ती अंड्यांवर येऊन बसली. ओल्या पिसांनी ती अंडी गार करत होती. जोडीतला दुसरा पक्षी दूरवर पहाऱ्याला उभा होता. काही वेळाने त्यांनी जागा बदलली आणि दुसराही पाण्याकडे जाऊन आला. पहाऱ्याची पाळी बदलताना तुम्ही पाहता, तशीच ही अदलाबदल होती.

मी बाबांना विचारले, "इथे एखादे झाड असते तर तिला सावली मिळाली नसती का?"

ते म्हणाले, "झाड असतं तर झाडावर कावळा असता. मग ती इथं कशाले बसंल? तिले चहूकडचं दिसलं पाहिजे."

तेव्हा मला आपला माळ आठवला. एप्रिल महिना, उघडा मुरूम, दिवसभर ओरडणारी टिटवी आणि तिला हाकलणारा मी. तिथेही कदाचित चार अंडी होती. आम्ही वीस मिनिटे नव्हे, सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत तिथे होतो. त्या अंड्यांचे काय झाले हे कधीच कळणार नाही. आखणी उत्तम झाली असा शेरा मात्र मी स्वतःच वहीत लिहिला होता.

अधिवास म्हणजे काय

पाठ्यपुस्तकात अधिवासाची व्याख्या 'सजीवाच्या राहण्याची जागा' अशी एका ओळीत असते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. सैन्याच्या तळाची जागा निवडताना चार गोष्टी पाहतात : रसद, पाणी, आडोसा आणि धोक्याची सूचना वेळेत मिळेल अशी जागा. प्राणीही तेच पाहतो, आणि त्यात पाचवी भर घालतो ती पिल्ले वाढवण्याच्या जागेची. या पाचांतली एक गोष्ट काढून घेतली तरी तो जातो. त्याला कोणी गोळी घातलेली नसते, तरीही तो नाहीसा होतो.

टिटवीला पाणी आणि उघडा मुरूम दोन्ही जवळजवळ हवे असतात. नुसते तळे किंवा नुसता माळ तिला पुरत नाही. दोन अधिवास जिथे एकमेकांना भिडतात, त्या किनारीवर म्हणूनच सजीवांची गर्दी जास्त असते. नंदिनीत आम्हाला सगळ्यात जास्त नोंदी मिळाल्या त्या उथळ काठावर, जिथे पाणी, चिखल, गवत आणि मुरूम शंभर पावलांत एकत्र येतात.

राखीव क्षेत्रे : कोणाचे घर कुठे

आपण अभयारण्यात जातो तेव्हा विचारतो, "काय दिसेल?" त्याऐवजी "इथे कोणते घर राखले आहे?" असे विचारून पाहा. मग प्रत्येक राखीव क्षेत्र वेगळे दिसू लागते.

जगदलपूरजवळचे कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली झाले. ते सुमारे २०० चौरस किलोमीटरचे आहे. नंदिनीसारखाच चुनखडीचा दगड तिथेही आहे, पण तिथे तो माणसाने फोडला नाही. पाण्याने हजारो वर्षे विरघळवून त्यात कुटुमसरसारख्या गुहा केल्या. त्या गुहेच्या अंधारात राहणाऱ्या माशांची दृष्टी जवळजवळ गेलेली आहे, कारण तिथे डोळ्यांचा उपयोगच नाही. वरच्या जंगलात छत्तीसगडचा राज्यपक्षी पहाडी मैना राहते. ती उंच, जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालते. ढोली तयार व्हायला झाड म्हातारे व्हावे लागते. आज लावलेले रोप मैनेच्या कामाला यायला माणसाचे एक आयुष्य पुरत नाही. म्हणून जुने जंगल तोडून त्याच्या बदल्यात नवी रोपे लावली, तर हिशेब कागदावर जुळतो, पण मैनेच्या दृष्टीने जुळत नाही.

छत्तीसगडचा राज्यप्राणी रानम्हैस आहे. तिला उंच गवत, चिखलाचे डबके आणि माणसाच्या गुरांपासून अंतर हवे. गावातल्या म्हशींशी संकर झाला आणि गुरांचे रोग लागले, तर जंगल शाबूत असूनही रानम्हैस संपते. उदंतीत आता ती अगदी मोजकी उरली आहे. आपल्या गडचिरोलीतही, इंद्रावतीच्या पट्ट्यात, कोलामार्का येथे तिचा वावर आहे. २०१३ साली ते 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर झाले. रानम्हैस राज्यांच्या सीमा मानत नाही. नदीला पाणी कमी झाले की ती इकडून तिकडे जाते. म्हणून एका राज्याने राखून दुसऱ्याने सोडून दिले तर उपयोग होत नाही.

नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर तर नंदिनीचे मोठे भावंडच म्हणायला हवे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शेतीसाठी बंधारा बांधला गेला. त्यात गाळ साचला, पाणी उथळ झाले आणि बेटे तयार झाली. अभियंत्याच्या दृष्टीने गाळ ही अडचण, पण बदकांना आणि करकोच्यांना हवे ते घर त्यातूनच मिळाले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी झाला, त्यावरून हे नाव आले. माणसाने केलेली जागाही वन्यजीवांचे घर होऊ शकते, ती नंतर कशी सांभाळली यावर ते अवलंबून असते.

परीक्षेसाठीही लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. 'राष्ट्रीय उद्यान' हे सर्वांत कडक, तिथे गुरे चारता येत नाहीत. 'अभयारण्या'त स्थानिकांचे काही हक्क चालू राहू शकतात. 'संवर्धन राखीव' आणि 'सामुदायिक राखीव' हे दोन प्रकार २००२ च्या दुरुस्तीने आले. पहिला सरकारी जमिनीवर, तर दुसरा गावाच्या किंवा खाजगी जमिनीवर लोकांच्या संमतीने होतो. काही ठिकाणी कायद्याचीही वाट पाहिली जात नाही. कोरबा जिल्ह्यातल्या कनकी गावात दरवर्षी पावसाच्या तोंडाशी मुग्धबलाक येतात आणि गावातल्याच झाडांवर घरटी करतात. पाऊस घेऊन येणारे म्हणून गावकरी त्यांना त्रास देत नाहीत.

'पडीक' म्हणवला गेलेला माळ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जंगल म्हटले की आपल्याला दाट झाडीच आठवते. त्यामुळे जिथे झाडे नाहीत ती जागा आपण 'पडीक' मानतो. या एका शब्दाने आपले फार नुकसान केले आहे.

भारतातले अखेरचे तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी मारले असे मानले जाते. कोरिया आज छत्तीसगडमध्ये आहे. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. शिकार हे एक कारण झाले. चित्त्याला धावायला मोकळी जागा लागते आणि ती मोकळी जागा शेतीखाली व वस्तीखाली जात होती, हे दुसरे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणून सोडले गेले. गेलेला प्राणी परत आणायला सत्तर वर्षे आणि एक समुद्र ओलांडावा लागला.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे आहे. माळढोकही टिटवीसारखाच जमिनीवर अंडी घालतो, पण एका हंगामात बहुधा एकच. त्याला दूरवरचे दिसणारा गवताळ माळ हवा. माळ नांगरले गेले, वस्ती वाढली, विजेच्या तारा आल्या. जड शरीराच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. कित्येक ठिकाणी तर चांगल्या हेतूने माळावर झाडेही लावली गेली. आज देशभरात दोनशेहून कमी माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात, आणि नान्नजला तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. माळावर झाड लावणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात माळढोकाला घालवायचे नव्हते. एप्रिलमध्ये माझ्याही मनात टिटवीला घालवायचे नव्हते.

मग झाडे लावूच नयेत काय?

असा अर्थ कृपा करून काढू नका. आणि सैनिकी शाळेत तर मुळीच नको, कारण उजाड जमीन पुन्हा हिरवी करण्यात भारतीय सैन्याचा मोठा वाटा आहे.

प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन, म्हणजे गढवाल रायफल्सची १२७ वी, १९८२ साली उभी राहिली. तिच्यात प्रामुख्याने त्याच भागातले माजी सैनिक होते. काम मिळाले ते मसुरीच्या डोंगरांवर, जिथे चुनखडीच्याच खाणींनी उतार सोलून निघाले होते. पावसात दगडमाती खाली घसरे आणि झरे आटले होते. याच दशकात सर्वोच्च न्यायालयाने दून खोऱ्यातल्या अनेक खाणी बंद करायला लावल्या. जवानांनी ओघळींना बांध घातले, माती धरून ठेवली आणि उतारांवर झाडे वाढवली. आपल्या महाराष्ट्रातही महार रेजिमेंटची १३६ वी पर्यावरण बटालियन २०१७ साली औरंगाबादला उभी राहिली.

मसुरीत झाडे लावणे बरोबर होते, कारण तिथे मुळात जंगल होते आणि ते खाणीने नेले होते. नंदिनीतल्या मातीच्या ढिगांवर झाडे लावणेही बरोबर आहे. मुळे नसतील तर त्या ढिगांची माती पहिल्या पावसात तळ्यात उतरेल आणि उथळ काठ बुजून जाईल. पण त्याच नंदिनीत उघड्या मुरमाचा पट्टा मोकळा राहिला, तरच टिटवीला जागा राहील. जागा पाहून ठरवायचे, एवढाच याचा अर्थ. कारवाईआधी टेहळणी करतात, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. मी ती केली नव्हती.

आपल्या माळासाठी माझी सूचना

परत येताच मी मुख्याध्यापकांशी बोललो. जूनमधले खड्डे त्यांनी थांबवले आहेत. आधी आपण पाहणी करू. तिची पद्धत अशी :

१. माळाचा नकाशा काढून त्याचे पन्नास-पन्नास मीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन तिघा कॅडेट्सच्या एका तुकडीकडे राहील.

२. सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा एवढ्याच वेळात पाहणी करायची. कडेला उभे राहून पाहायचे, चौकोनात गरजेपुरतेच जायचे. एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे नाही.

३. पाच रकाने भरायचे : काय दिसले, कुठे दिसले, काय करत होते, जवळ पाणी किती अंतरावर, भोवती काय आहे. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा. खोटे नाव लिहिण्यापेक्षा 'तांबूस, चिमणीएवढा, जमिनीवर पळत होता' हे जास्त उपयोगाचे आहे. तो चंडोल आहे की आणखी कोणी हे आपण नंतर ठरवू.

४. गवतांचे नमुने घ्यायचे. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावे तुमच्या घरच्या शेतकऱ्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत असतील, त्यांना विचारा.

५. अंडी किंवा पिल्ले दिसली तर जागा फक्त नकाशावर नोंदवायची. फोटो काढायचा नाही. हा नियम माझ्यामुळे केला आहे.

पाहणीनंतर झाडांची जागा ठरेल. माझा अंदाज असा की ओढ्याकाठी, कुंपणालगत आणि पावसाने माती वाहून जाते त्या उतारावर पाच-सहाशे रोपांना जागा निघेल. आधीच्या यादीत मी गुलमोहर आणि सुबाभूळ घातले होते, कारण ती रोपे सहज मिळतात आणि लवकर वाढतात. आता त्यांच्या जागी करंज, कडुलिंब, बाभूळ, बोर, वड आणि पिंपळ असतील. मधला उघडा माळ तसाच राहील. तिथे मार्च ते ऑगस्ट क्रॉस-कंट्रीचा मार्ग जाणार नाही, एवढा बदल क्रीडाशिक्षकांनी मान्य केला आहे.

दोन हजारांचा आकडा अहवालात छान दिसला असता हे खरे. पाचशेचा आकडा लहान दिसेल आणि कोणी विचारले तर आपल्याला कारण सांगावे लागेल. ते सांगता यावे म्हणूनच पाहणीच्या वह्या नीट भरा.

मी निघालो त्या सकाळी बाबांबरोबर पुन्हा खाणीवर गेलो. आम्ही बोरीच्या झुडपाआडूनच पाहिले. टिटवी अंड्यांवर होती. बाबा तळ्याकडे पाहत म्हणाले, "तीस वर्षं मी हे पाणी बाहेर फेकलं. एक दिवस सुटी नाही घेतली. अन् पंप बंद झाला तं पाहा, किती जण राहाले आले."

पाहणीसाठी नावे जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या फलकावर लिहावीत. वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली प्रत्येकाने आणायची आहे. शाळेकडे चार दुर्बिणी आहेत, त्या तुकड्यांनी पाळीने वापरायच्या. पहिली पाहणी येत्या रविवारी सकाळी सहा वाजता. गणवेश हिरवा किंवा खाकी. पांढरा नको, लांबून दिसतो.